वाटी होणारा हिमकण: दोन शटलवरच्या टॅटिंगचं एक प्रकरण

नमुना हातात आला तेव्हा पहिल्या नजरेत त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पांढऱ्या २० नंबरच्या सुती धाग्यात, टॅटिंगने म्हणजे बारीक गाठींच्या लेसकामाने, दोन शटलवर (धागा भरलेल्या, हातात मावणाऱ्या छोट्या फिरक्यांवर) केलेला, सहा टोकांचा, टांगायचा हिमकण. गाठी एकसारख्या, रिंगा नीट मिटलेल्या, पिको (गाठींमधले धाग्याचे छोटे फास) जवळजवळ एकाच उंचीचे. खळ भरपूर दिलेली, त्यामुळे टेबलावर ठेवला की सपाट बसायचा. तक्रार वेगळीच होती. दमट हवेत टांगला की तो हळूहळू मध्यभागी खोल जायचा आणि त्याची उथळ वाटी व्हायची. शिवाय सहा हातांपैकी एक हात बाकीच्यांपेक्षा किंचित पुढे आलेला होता. करणारीला असे बरेच हिमकण करून संच बनवायचा होता आणि तिचा प्रश्न सरळ होता: "ताई, खळ अजून दाट करू का?"

खळ दाट करून काम भागलं असतं, पण पुढच्या पावसाळी हवेपर्यंतच. टॅटिंगचा तुकडा सपाट राहायला हवा तो गाठींच्या हिशोबामुळे. हिशोब चुकलेला असेल तर धागा आतून सतत ओढत राहतो, आणि खळ ओलाव्याने जरा मऊ पडली की त्या ओढीचं फावतं. म्हणून आधी खळ काढून टाकायची आणि नमुना उघडा पाडायचा असं ठरलं.

कोमट पाण्यात भिजवून, हलक्या हाताने चोळून, खळ पूर्ण धुतली आणि नमुना एकही टाचणी न लावता पंच्यावर वाळू दिला. वाळल्यावर तो स्वतःहूनच वाटीच्या आकाराला आला. टाचण्यांविना वाळवणं ही माझ्या मते टॅटिंगमधली सगळ्यात प्रामाणिक परीक्षा आहे. यात हिशोबाला कुठे लपायला जागाच राहत नाही.

पुढचं कळण्यासाठी गाठीची घडण डोळ्यांसमोर हवी. टॅटिंगची एक डबल गाठ म्हणजे दोन अर्ध्या गाठी, एक डावी, एक उजवी. डाव्या हाताच्या बोटांवर धागा ताणलेला असतो आणि शटल त्याच्या खालून-वरून जातं. गाठ पडते त्या क्षणी शटलचा धागा ताठ ओढायचा आणि बोटांवरचा धागा सैल सोडायचा. मग गाठ पलटते: गुंडाळी हातावरच्या धाग्याची होते आणि शटलचा धागा तिच्या आत सरळ राहतो. नवशिक्याचा सगळा झगडा या पलटण्याशी असतो. पलटलेली गाठ आतल्या धाग्यावर सरकते, न पलटलेली जागीच अडकते. हातावरचा वेढा शटलच्याच धाग्याचा असेल तर ओढल्यावर तो मिटतो आणि रिंग होते. हातावर दुसराच धागा असेल तर मिटायला काही नसतं, कमानीसारखी चेन होते. दोन गाठींमध्ये थोडा धागा मोकळा सोडून गाठी जवळ सरकवल्या की जी फासासारखी घडी उभी राहते तो पिको. तो शोभेलाही असतो आणि शेजारच्या तुकड्याला जोडायलाही.

यातली एक गोष्ट आराखडा करणाऱ्याने कायम लक्षात ठेवावी. मिटलेली रिंग उसवणं अतिशय जिकिरीचं असतं. क्रोशाचं काम धागा ओढला की सरसर उलगडतं. इथे एकेक अर्धी गाठ सुईच्या टोकाने सोडवावी लागते. त्यामुळे टॅटिंगमध्ये "करून बघू, नाही जमलं तर उसवू" हा मार्ग महागात पडतो. आधी कागद, मग शटल.

म्हणून कागदावर उतरलो. तिच्या हाताची चेन पट्टीवर ठेवून मोजली. २० गाठी साधारण १८ मिलिमीटर भरत होत्या, म्हणजे एका गाठीला जवळपास ०.९ मिलिमीटर. हे माप प्रत्येक करणारीच्या हाताचं वेगळं येतं. घट्ट हाताला २० नंबरच्या धाग्यात कमी येईल, सैल हाताला जास्त. स्वतःची २० गाठींची चेन मोजून ठेवल्याशिवाय कुणाच्याही आराखड्यातले आकडे उसने घेऊ नयेत असं मी शिकणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

नमुन्याची मांडणी अशी होती. मध्ये एक रिंग, दर २ गाठींनी एक अशा सहा जोड-जागा. तिच्याभोवती सहा रिंगा, प्रत्येक ६+६ गाठींची, वरचं टोक मधल्या रिंगेला जोडलेलं आणि मिटलेलं मूळ बाहेरच्या बाजूला. दोन मुळांच्या मध्ये ६ गाठींची चेन. त्याच्यावर दुसरी फेरी, त्यात हात.

मध्यापासून रिंगेच्या मुळापर्यंत मोजलं तर साधारण ८ मिलिमीटर. आणि इथेच सगळं प्रकरण उलगडलं. शाळेत कंपासने षटकोन काढताना आपण वर्तुळ काढतो, कंपास तसाच उघडा ठेवतो आणि परिघावर खुणा करत जातो. बरोबर सहा खुणा बसतात, कारण षटकोनाची बाजू आणि त्रिज्या सारखीच असते. हिमकणालाही तोच नियम. मध्यापासून मूळ ८ मिलिमीटरवर असेल, तर शेजारच्या दोन मुळांमधलं सरळ अंतरही ८ मिलिमीटर असायलाच हवं. तिच्या चेनची लांबी ६ गाठी गुणिले ०.९, म्हणजे जेमतेम साडेपाच. सहाही बाजूंनी अडीच-अडीच मिलिमीटर कमी पडत होते. इतकी तूट भरून काढायला तुकड्याकडे एकच वाट असते: मुळं एकमेकांकडे ओढून घ्यायची आणि मधला भाग खाली ढकलायचा. तेच झालं होतं.

यातून जो नियम निघतो तो सहा हातांच्या कुठल्याही तुकड्याला लागू आहे. मध्यापासून ज्या अंतरावर चेन टेकते, त्या अंतरापेक्षा ती चेन कधीच आखूड असता कामा नये. आणि चेन सरळ राहत नाही, तिचा स्वभावच कमानीचा, म्हणून निदान तिसरा हिस्सा तरी जास्त धरावा. पाच किंवा आठ हातांच्या फुलाला हे सोपं सूत्र मिळत नाही, तिथे वेगळा गुणाकार करावा लागतो. पण पाच-आठ हातांचं फूल कितीही देखणं झालं तरी त्याला हिमकण म्हणायला माझं मन धजत नाही. बर्फाच्या स्फटिकात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून हात ६० अंशांवरच फुटतात. सहाच का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने १६११ साली एका छोट्या पुस्तिकेत मांडला होता. त्याचं खरं उत्तर विसाव्या शतकात, क्ष-किरणांनी बर्फाची आतली रचना उलगडल्यावर मिळालं. निसर्गाने षटकोनाचा एवढा सोयीचा हिशोब फुकट दिलेला असताना आराखड्यात तो का सोडावा?

एक हात पुढे येण्याचं कारण मात्र वेगळं निघालं, आणि मला ते जास्त रंजक वाटलं.

मधल्या रिंगेवरून पहिल्या फेरीत जाताना धागा कापायचा नसेल तर दोन गोष्टी लागतात. मधल्या रिंगेला पाचच पिको करायचे, सहावा पिको "मानीव". रिंग मिटल्यावर दोन्ही शटलचे धागे थोडे मोकळे सोडून पुढचं काम सुरू करायचं, ती मोकळी जागा पिकोसारखी दिसते. पिकोतही दोनच पदर असतात, इथेही दोनच, त्यामुळे तयार कामात फरक ओळखू येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पहिली रिंग दुभंग करायची, जिला स्प्लिट रिंग म्हणतात. अर्ध्या गाठी पहिल्या शटलने नेहमीसारख्या आणि उरलेल्या अर्ध्या दुसऱ्या शटलने, त्याच वेढ्यावर, सुरुवातीच्या जागेपासून उलट दिशेने. या दुसऱ्या अर्ध्यात गाठ पलटू द्यायची नाही, कारण इथे मिटणारा धागा हातावरचा आहे आणि दुसऱ्या शटलच्या धाग्यानेच त्याला वेढायचं आहे. अशी रिंग मिटली की दोन्ही धागे सुरुवातीच्या समोरच्या टोकाला निघतात. आत सुरू केलं, बाहेर पोहोचलो, धागा अखंड.

तिने हे सगळं बरोबर केलं होतं. फक्त खऱ्या पिकोंसाठी ती २ मिलिमीटर धागा मोकळा सोडत होती आणि मानीव पिकोलाही तेवढाच सोडला होता. खऱ्या पिकोत त्या २ मिलिमीटरची मधोमध घडी पडते आणि उंची १ मिलिमीटर होते. मानीव पिकोत घडी नसते, सोडलेला धागा म्हणजेच उंची. म्हणून ती एक रिंग मधल्या रिंगेपासून दुप्पट अंतरावर लटकली होती आणि तिच्यावरचा हात पुढे सरकला होता. मानीव पिकोला निम्माच धागा सोडायचा, एवढंच त्याचं औषध.

आता नवा आराखडा. दुसरी फेरी मी काढूनच टाकायला सांगितली. ज्या कामासाठी दोन शटल हातात घेतली ते काम एका फेरीत होत असेल तर दुसऱ्या फेरीचं ओझं कशाला? चेन करताना हातावर दुसऱ्या शटलचा धागा असतो. चेन मधेच थांबवून त्या दुसऱ्या शटलने रिंग केली तर ती चेनच्या बाहेरच्या बाजूला फुटते, काम उलटवावंही लागत नाही. चेनचा दुसरा धागा शटलऐवजी रिळावरून आला असता तर हे शक्य नव्हतं, कारण रिंग करायला धागा शटलवरच लागतो. दुभंग रिंगही रिळावरच्या धाग्याने होत नाही. म्हणजे हात थेट चेनच्या शिखरावरच फुटणार. पहिल्या फेरीच्या रिंगा सहा अक्षांवर आणि हात त्यांच्या मधल्या सहा अक्षांवर.

चेनच्या दोन तंगड्या, एक वर चढणारी, एक खाली उतरणारी. शेजारच्या दोन हातांच्या तंगड्या रिंगेच्या मुळाजवळ एकमेकींना जोडायच्या, म्हणजे दरीत धागा डुलत नाही. तिने कागदावर प्रत्येक तंगडी १० गाठींची धरली, मुळापासून ४ गाठींवर जोड, वर ६. एकूण चेन २० गाठी, म्हणजे १८ मिलिमीटर, लागत होते ८. ती खूश होती. पण जोड पडला की हिशोब जोडाच्या जागेपासून पुन्हा मांडावा लागतो. ४ गाठींवरचा जोड मध्यापासून ८ अधिक ३.६, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या पुढे जातो. दोन जोडांमध्ये तेवढंच अंतर हवं. आणि त्यांच्यामध्ये चेन उरते फक्त ६+६ गाठींची, म्हणजे पावणेअकरा. पुन्हा तूट! थोडीच, पण कमानीला शून्य जागा. मुळाशी सपाट आणि कडेला वळलेला असा नवाच दोष तयार झाला असता. प्रत्येक जोड ही नवी त्रिज्या असते, हे या प्रकरणातलं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं वाक्य.

जोड खाली आणला, ३ गाठींवर. वर ९ गाठी ठेवल्या. जोड आता साधारण पावणेअकरा मिलिमीटरवर, आणि दोन जोडांमधली चेन १८ गाठींची, सोळा मिलिमीटरच्या वर. कमान मोकळेपणाने उठते आणि तिच्या टोकाला हात बसतो.

हाताचं टोक म्हणून तीन रिंगांचं पान घेतलं. बाजूची ५-३ गाठींची, मधली ३+४-४-३ आणि पुन्हा बाजूची ३+५. (लिहिण्याच्या रीतीत '-' म्हणजे पिको आणि '+' म्हणजे आधीच्या पिकोला जोड.) तिन्ही रिंगा एकमेकींना चिकटून, मध्ये धागा न सोडता. बाजूच्या रिंगा मधलीला जोडल्या नाहीत तर त्या दोन्हीकडे आडव्या पडतात, आणि पान पक्ष्याच्या पंजासारखं दिसायला लागतं. खऱ्या हिमकणात उपफांद्याही मुख्य हाताशी ६० अंशांनीच फुटतात. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ च्या जानेवारीत सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा पहिला फोटो घेतला आणि आयुष्यभरात असे पाच हजारांवर फोटो काढले. ते समोर ठेवून पाहिलं तर हा कोन एकसारखा दिसतो. मुळापासून ३ गाठींवरचा जोड रिंगांना त्या कोनाच्या जवळ धरून ठेवतो. शोभेचा वाटणारा जोड इथे खरं तर कोन सांभाळतोय.

पूर्ण क्रम असा झाला. एकाच अखंड धाग्याची दोन टोकं दोन शटलवर भरायची, मध्ये गाठ नाही. दुसरं शटल जास्त भरायचं, कारण चेनच्या सगळ्या गुंडाळ्या आणि पानांच्या रिंगा त्याच्यावरच आहेत. पहिल्या शटलने मधली रिंग: २-२-२-२-२-२, मिटवा. मानीव पिकोचा निम्मा धागा सोडा. दुभंग रिंग ६ / ६. मग चेन: ३-९, दुसऱ्या शटलने पान, पुन्हा चेन ९-३. काम उलटवा, पहिल्या शटलने रिंग ६+६, मधल्या रिंगेच्या पुढच्या पिकोला जोडून. उलटवा. इथून पुढे प्रत्येक चढणाऱ्या तंगडीत ३ गाठींनंतरचा पिको न करता मागच्या हाताच्या उतरणाऱ्या तंगडीला जोड घ्यायचा. शेवटची उतरणारी तंगडी पहिल्या चढणाऱ्या तंगडीच्या पिकोला जोडताना काम घडी घालून धरावं, नाहीतर पिकोला पीळ बसतो आणि तो एकच जोड वाकडा दिसत राहतो. मग दुभंग रिंगेच्या मुळाशी जोड, आणि तिथे दोनच टोकं उरतात.

या दोन टोकांसाठी आधीच तजवीज केलेली बरी. पहिली चेन सुरू करताना पहिल्या चार-पाच गाठींच्या आत आतल्या धाग्याच्या सोबतीने एका बारीक दोऱ्याचा दुमडलेला फास ठेवून द्यायचा. दुभंग रिंगेच्या एका बाजूला असाच दुसरा. काम संपल्यावर टोक त्या फासात ओवायचं आणि फास ओढून घ्यायचा. टोक गाठींच्या पोटातून पलीकडे निघतं. नंतर सुईने लपवण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ दिसतं.

तिला दोन रंग हवे होते. मी नको म्हटलं, आणि कारण याच आराखड्यात आहे. रिंगेचा रंग शटलचा, चेनचा रंग हातावरच्या धाग्याचा, म्हणजे पाच रिंगा एका रंगात आल्या असत्या आणि दुभंग रिंग मात्र अर्धी एक, अर्धी दुसरी. सहा हातांच्या समतोलात ती एक रिंग कायम खटकली असती. दोन रंगच हवे असतील तर धागा कापून फेऱ्या वेगळ्या कराव्यात. उलट-सुलट बाजूचाही प्रश्न आला. काही जणी उलट बाजूने येणाऱ्या तुकड्यात अर्ध्या गाठींचा क्रम बदलतात, म्हणजे सगळ्या जोडांचे ठिपके मागे जातात आणि पुढची बाजू निर्मळ दिसते. रुमालाच्या कडेला ते शोभतं. टांगलेला हिमकण मात्र स्वतःभोवती फिरतो, त्याला मागची बाजूच नाही. एक बाजू सजवायची तर दुसरी बिघडते. पांढऱ्यावर पांढरं असताना ठिपके तसेही डोळ्यांत भरत नाहीत.

नवा नमुना टोकापासून टोकापर्यंत साडेचार सेंटिमीटरच्या आसपास भरला. खळ न लावता भिजवला, पंच्यावर तसाच टाकला. वाळल्यावर सपाट. पानांची टोकं किंचित उचललेली होती, पण ती बोटाने दाबली की बसत होती; अंगातून येणारी ओढ नव्हती. हात सहाही एका वर्तुळावर.

खळ त्यानंतरच दिली, आणि पातळ. कागदावर कंपासने ८, पावणेअकरा आणि २२ मिलिमीटरची तीन वर्तुळं, त्यांत ३० अंशांवर बारा रेषा. रिंगांना आणि हातांना एकाआड एक रेषा मिळते. कागद थर्माकोलवर, वर पारदर्शक प्लास्टिक. गंज न धरणाऱ्या टाचण्या आधी मध्यात, मग समोरासमोरच्या हातांच्या जोड्या, मग दऱ्या. ओळीने शेजारी-शेजारी टाचत गेलं तर सगळा तुकडा एका बाजूला ओढला जातो. साखरेच्या पाकाची खळ मी टांगायच्या वस्तूंना सुचवत नाही, ती हवेतला ओलावा धरते. पातळ केलेला पांढरा गोंद जास्त टिकतो, मात्र पिको भरून जाणार नाहीत इतका पातळ हवा. टांगायचा दोरा टोकाच्या पिकोतून घालण्यापेक्षा पानाच्या मधल्या रिंगेतून घालावा. वजन कितीही कमी असलं तरी पिको ताणला जाऊन लांबतो, रिंगेतल्या गाठी तसं होऊ देत नाहीत.

संचातले पुढचे काही तिला ४० नंबरच्या बारीक धाग्यात करायचे आहेत. गाठींची संख्या तीच चालेल, कारण रिंग आणि चेन दोन्ही एकाच प्रमाणात लहान होतात आणि त्रिज्या-चेनचं नातं टिकतं. बदलायचा तो पिको. धागा बारीक झाला म्हणून हाताची सवय बदलत नाही, २ मिलिमीटर सोडायची बोटांची सवय तशीच राहते, आणि लहान झालेल्या तुकड्यात तो पिको प्रमाणापेक्षा उंच होऊन मूळ पुन्हा मध्यापासून लांब जातं. तिला जाड कागदाची एक अरुंद पट्टी कापून पिकोचं माप म्हणून वापरायला सांगितलं आहे, आणि ४० नंबरची २० गाठींची चेन आधी पट्टीवर मोजायला.